माझ्या आरएक्स-७ चे इंजिन परस्पर बदलून निकामी केल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: लेखी सूचना डावलून केलेले बदल, बसलेले कॉम्प्रेशन (इंजिनात तयार होणारा दाब) आणि परत न मिळालेले मूळ भाग

महोदय,

माझी तिसऱ्या पिढीची माझदा आरएक्स-७, म्हणजे एफडी, इंजिन नव्याने बांधण्यासाठी मी आपल्या वर्कशॉपमध्ये दिली होती. कामाच्या ऑर्डरवर मी स्पष्ट लिहिले होते: दोन्ही मूळ टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे पंखे) तसेच राहतील, उष्णतेने कडक झालेल्या व्हॅक्युम नळ्यांच्या जागी सिलिकॉनच्या नळ्या येतील, इंटरकूलर मोठा बसवला तरी हरकत नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग मला परत मिळेल. आपल्या माणसाने फोनवर सिंगल टर्बोसाठी गळ घातली, तेव्हाही मी त्याच दिवशी ईमेलने नकार कळवला होता.

तरीही गाडी हातात आली ती सिंगल टर्बो आणि नवा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बसवूनच.

१९९१ साली ही गाडी आली ती पाठोपाठ चालणारे दोन टर्बो घेऊन. पहिला कमी आरपीएमवर दाब देतो, साधारण ४,५०० च्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो. त्यासाठी लागणाऱ्या नळ्या आणि सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) यांचा गुंता सांभाळणे किचकट असते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच काम जाणकारांकडे दिले. तो गुंता निस्तरण्याऐवजी आपण उपटूनच टाकला.

पण माझी मुख्य तक्रार याहून गंभीर आहे. या गाडीचे इंजिन रोटरी आहे, म्हणजे त्यात पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरतात. रोटरच्या तिन्ही टोकांवरच्या एपेक्स सील, म्हणजे दाब अडवणाऱ्या पट्ट्या, हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) क्रोमवर सतत घासत फिरतात. त्यांना वंगण मिळावे म्हणून कंपनीने ऑइल मीटरिंग पंप दिलेला असतो. तो इंजिनातलेच थोडे तेल आत सोडत राहतो. आपण बसवलेला ईसीयू हा पंप चालवू शकत नाही, म्हणून आपण पंपच काढून त्या जागी पत्र्याची प्लेट ठोकली. असे करणारे बरेच आहेत, मान्य. पण मग प्रत्येक वेळी पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते, आणि ही एक ओळ आपण ना बिलावर लिहिली, ना गाडी देताना तोंडाने सांगितली. बिलावर फक्त ‘ऑइल सिस्टिम अपग्रेड’ असे शब्द आहेत. हे वाचून कोणता मालक पेट्रोलमध्ये तेल ओतायला जाईल?

काही आठवड्यांतच गरम इंजिन चालू होईना. नुसता स्टार्टर फिरत राही. दुसऱ्या मेकॅनिककडे रोटरच्या प्रत्येक बाजूचा दाब वेगळा दाखवणारा रोटरी टेस्टर लावून पाहिले. मागच्या रोटरच्या तिन्ही बाजू ठीक आहेत. पुढच्या रोटरला मात्र काटा दोनदा नीट उसळतो आणि तिसऱ्या वेळी जेमतेम हलतो. २५० आरपीएमला किमान ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब हवा. त्या एका बाजूला याच्या निम्माही नाही. पंपाच्या जागी ठोकलेली प्लेटही तेव्हाच दिसली.

‘जुनी रोटरी अशीच असते’ हे आपले उत्तर मला अजिबात मान्य नाही. जुनी गाडी होती, इंजिन तर आपण नुकतेच बांधलेले होते! शिवाय देताना दाखवलेला कॉम्प्रेशनचा आकडा प्रत्येक रोटरसाठी एकच होता. पिस्टनच्या इंजिनाचा साधा गेज तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो. एक बाजू गेलेली असली तरी त्यात ती दिसत नाही. रोटरीचे काम करणाऱ्या वर्कशॉपला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

सील तेलाअभावी गेली, की क्रोम सोललेले जुने हाउसिंगच पुन्हा वापरले गेले, हे इंजिन उघडल्यावर कळेल. ते माझ्यासमोर उघडावे आणि सील, स्प्रिंग व हाउसिंग यांची मापे लेखी द्यावीत. दुरुस्तीचा सगळा खर्च आपण करावा. दोन्ही मूळ टर्बो, त्यांचा मॅनिफोल्ड, मूळ ईसीयू आणि ऑइल मीटरिंग पंप मला परत हवेत. ‘स्क्रॅपमध्ये गेले असतील’ असे काउंटरवर सांगण्यात आले. ते भाग माझ्या मालकीचे आहेत. या गाडीचे उत्पादन २००२ मध्येच थांबले. धड अवस्थेतले टर्बो शोधून मिळणे किती अवघड आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. खरोखरच विकले किंवा फेकले असतील, तर त्याच दर्जाचे भाग आपणच शोधून द्यावेत आणि गाडी ऑर्डरप्रमाणे पूर्ववत करावी.

तोवर मी गाडी चालू करणार नाही आणि इतर कोणाला इंजिन उघडूही देणार नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला कायदेशीर कारवाई करावी लागेल.

आपला,
एक ग्राहक

सोबत: कामाच्या ऑर्डरची प्रत, नकाराचा ईमेल, बिल, कॉम्प्रेशन चाचणीचा अहवाल आणि प्लेटची छायाचित्रे.