आई-बाबा, पुढच्या रविवारपासून आम्ही गोकुळ शिरगावला

आई, बाबा,

सलाम.

चर्चच्या पंच कमिटीत काय ठरलं ते बाबांच्या कानावर आलं असणारच, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडनं नीट कळावं म्हणून लिहायला बसलोय. फोनवर विषय काढला की बाबा तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईकडं देता, आई लगेच जेवलास का विचारते, आणि बोलायचं राहूनच जातं. तर गोकुळ शिरगावला आपल्या चर्चची नवी मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारं वेगळं कुटुंबच, सुरू होतेय आणि ती सुरू करायला जी दहा-बारा घरं जाणार आहेत त्यात आमचं घर आहे. पुढच्या रविवारपासून. मी होकार देऊन टाकलाय. विचारत नाही, सांगतोय, आणि हे लिहिताना जीवावर आलंय. पण निर्णय पक्का आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा आई तुझं. रविवारी आम्हाला कोण नेणार हेच तुझ्या डोक्यात आलं असेल. कोपऱ्यावरचे रिक्षावाले मामा साडेआठला दारात येतील, गेटपर्यंत नव्हे, पायरीपर्यंत, तसं मी त्यांना सांगितलंय, आणि उपासना संपेपर्यंत ते तिथंच थांबतील. तुझी उशी आणि पाण्याची बाटली असलेली पिशवी शनिवारी रात्रीच दाराला अडकवून ठेव. आपल्या बाकावर तुझ्या बाजूला महिला मंडळातल्या मावशी बसतील, प्रार्थनेला उभं राहताना तुला हात देतील. गुडघा दुखत असेल तर उभी राहू नकोस, देव बसलेल्यांचंही ऐकतो. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला आम्ही सगळे तुमच्याच बाकावर, नात तुझ्या मांडीला टेकून. तेवढं मी आधीच कमिटीकडनं कबूल करून घेतलंय. रविवारी दुपारचं मटण पण आपल्याकडंच, सकाळचे मुलांचे वर्ग आटोपले की आम्ही तिकडनं थेट घरी येणार, जेवणार, आणि मग पाचच्या सुमारास उपासनेला परत जाणार. म्हणजे रविवार तुमचाच आहे, सकाळचे दोन तास आणि संध्याकाळची उपासना सोडली तर.

आता बाबा तुमचं. तुम्ही एकच वाक्य बोललात, "आधीच बाकं रिकामी, त्यात तुम्ही निघाला", आणि ते माझ्या डोक्यातनं जात नाहीये कारण ते खरं आहे. पण बाकं रिकामी का झाली बघा की. कोल्हापुरातली आपली पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला गेली, आणि बाहेरनं कोल्हापुरात नोकरीला आलेली पोरं आपल्याकडं आलीच नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळीकडं नगरची, सोलापूरची, जालन्याकडची, बेळगाव भागातली माणसं आहेत, त्यात आपली ख्रिस्ती घरं काही कमी नाहीत. गावाकडं बाप्तिस्मा झालेला, लग्न चर्चमध्ये झालेलं, आणि इथं आल्यावर फक्त नाताळला मेणबत्ती लावायला येतात, तेही जमलं तर.

आमच्या फौंड्रीत जालन्याकडचा एक मोल्डर आहे, साचे करणारा. त्याला मी मागं एकदा आपल्या चर्चला घेऊन आलो होतो, तुम्हाला आठवत असेल, चौकड्याचा शर्ट, शेवटच्या बाकावर बसला होता. उपासना झाल्यावर लोक प्रेमानं भेटले त्याला, चहा दिला, आणि प्रत्येकानं एकच विचारलं, "तुम्ही कुणाचे?" आपल्यात ते सहज विचारतात, आडनाव सांगितलं की आजोबांपर्यंत ओळख लागते, आणि मला ते आयुष्यभर गोडच वाटत आलंय. पण त्याला सांगायला काही नव्हतं. परत येताना गाडीवर मागं बसून मला म्हणाला, सगळी माणसं चांगली आहेत दादा, पण सगळी एकमेकांची आहेत. तो परत आला नाही. बाबा, यात कुणाची चूक नाही, चार पिढ्या एकत्र वाढलेली मंडळी अशीच असणार, ते तिचं बळ आहे. पण बाहेरनं आलेल्या माणसाला त्या घट्ट विणीत शिरायला जागा सापडत नाही, कितीही चांगलं वागलो तरी तो पाहुणाच राहतो. नव्या मंडळीत सगळेच नवे, तिथं कुणी कुणाचा नसतो म्हणून सगळ्यांना एकमेकांचं व्हावं लागतं.

आणि साध्या अडचणी पण आहेत. पहिली पाळी, दुसरी पाळी, साप्ताहिक सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही, घरातनं निघून वडापची जीप धरायची, मग केएमटीची बस, बायको-पोरांना घेऊन सकाळी नऊला शहरात पोचायचं म्हणजे आंघोळी-नाष्टा सगळं अंधारात. संध्याकाळी साडेपाचला, चालत जाता येईल अशा हॉलमध्ये उपासना असेल तर पहिल्या पाळीचा माणूस येतो. आपली सकाळची वेळ आपण बदलू शकत नाही, बदलूही नये, तुमच्यासारख्यांना तीच बरी पडते. म्हणून दुसरी हवी.

तुम्ही म्हणाला तिकडं एखादी प्रार्थनासभा घ्या, मंडळी कशाला. सभा आम्ही घेऊन बघितल्या बाबा. सभेला माणूस ऐकायला येतो आणि जातो. मंडळी म्हटलं की दानपेटी कुणीतरी फिरवायला लागते, शास्त्रपाठ कुणीतरी वाचायला लागतो, आजारी माणसाच्या घरी कुणीतरी जायला लागतं. आपल्याकडं ही कामं ठरलेल्या घरांकडं आहेत, चांगली करतात, पण पंचविशीतल्या पोराला बाजाची पेटी वाजवायला मिळेपर्यंत तो चाळिशीला येतो. तो मोल्डर ढोलकी काय वाजवतो ते तुम्ही ऐका एकदा. आता तो येणारे, कारण त्याच्यावाचून गाणं अडतंय.

बाबा, हे मी तुमच्याकडनंच शिकलोय हो. रविवारच्या शब्बाथ शाळेत अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेबांची गोष्ट तुम्हीच सांगायचा, १८५२ ला कोल्हापुरात आले, पुढं मिशन बोर्डाशी फाटलं तरी परत आले आणि स्वतःच्या हिमतीवर काम चालवलं, मग १८७० ला प्रेस्बिटेरियन बोर्डानं ते हाती घेतलं. तेव्हा कोल्हापूरची मंडळी केवढीशी असेल! आधी इथली बाकं भरू दे मग बाहेर बघू असं तेव्हाच्या लोकांनी म्हटलं असतं तर पन्हाळा, सांगली, मिरज, कोडोली काहीच झालं नसतं. मिरजेला वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला दवाखाना उघडला, आई तुझा जन्म तिथला. आणि आबांना बाप्तिस्मा कोडोलीत मिळाला, म्हणजे कुणीतरी कोल्हापूर सोडून कोडोलीला जाऊन राहिलं तेव्हाच ना? त्या माणसाच्या आईवडिलांना पण वाईट वाटलंच असेल.

आणि शास्त्रात बघा. अंत्युखियाच्या मंडळीत संदेष्टे आणि शिक्षक मिळून पाच नावं दिलीत, प्रेषितांची कृत्ये तेराव्या अध्यायात, आणि पवित्र आत्म्यानं मागितले ते त्यातले दोन, बर्णबा आणि शौल. पाचातले दोन, आणि तेही बिनकामाचे नव्हेत, ज्यांनी वर्षभर तिथं शिकवलं तेच. मंडळीनं काय केलं, तर उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि पाठवून दिलं. चौदाव्याच्या शेवटी ते दोघं परत येतात, मंडळीला गोळा करतात आणि देवानं काय काय केलं ते सगळं सांगतात. नातं तुटलं नाही. त्याच्याही आधीचं मला जास्त आवडतं, अकराव्या अध्यायातलं. रोमच्या क्लौद्य बादशहाच्या वेळी दुष्काळ पडला तेव्हा यहूदीयातल्या बांधवांना मदत कुणी पाठवली? याच अंत्युखियानं, म्हणजे यरुशलेमातनं पांगलेल्या माणसांनी वसवलेल्या नव्या मंडळीनं. लेकीनं आईला पाठवली. तुम्हाला वाटतंय आपलं चर्च रितं होणार, मला वाटतंय आपल्या चर्चला म्हातारपणी एक लेक हवी.

तुम्ही परवा म्हणाला, जायचंच तर ज्यांना इकडं काही काम नाही त्यांनी जावं. बाबा, कोडोलीच्या रानात आबा काय करायचे आठवा. उसाच्या खोडव्यावर खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनंच पुन्हा पीक, घेत राहिलं की उतारा कमी पडतो, कधीतरी नवी लागण करावीच लागते, आणि लागणीला बेणं म्हणून आबांनी कधी राहिलासाहिला ऊस तोडला नाही, फडातला चांगला रसरशीत बघूनच तोडायचे, आजी कुरकुरली तरी. याचा अर्थ आम्ही चांगले आणि मागं राहिलेले कमी असा काढू नका हं, तसं माझ्या मनातही नाही. मागं राहणारेच आम्हाला पोसणार आहेत.

फुटीची भीती मला कळते. कुणीतरी भांडून बाहेर पडतं, हॉल घेतं, बोर्ड लावतं, आणि मग दोन्हीकडची माणसं लग्नाला पण एकमेकांकडं जात नाहीत, हे तुम्ही जवळनं सोसलंय. हे तसलं नाही. पंच कमिटीचा ठराव झालाय, पाळकसाहेब तेच, प्रभुभोजन आणि बाप्तिस्म्याला तेच येणार, पहिली दोन वर्षं हॉलचं भाडं आपल्याच चर्चकडनं, आणि हिशोब दर महिन्याला खजिनदारांच्या टेबलावर. तुम्ही एवढी वर्षं खजिनदार होता, पहिल्या वर्षाची वही तुम्हीच तपासावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, कमिटीत मी तसं बोललोय पण.

आई, तुला वाटतंय सध्याचे दिवस बरे नाहीत, उगाच कुणी येऊन काही बोललं तर. म्हणून सगळं उघड आणि कागदोपत्री केलंय, हॉल मालकाशी रीतसर करार केलाय, पोलीस स्टेशनला पत्र दिलंय, लाऊडस्पीकर नाही, गाड्या लावायला आतली जागा आहे, आणि येणारी घरं आपलीच, आधीपासून ख्रिस्ती. शेजाऱ्यांना नाताळचा फराळ देणार आहोत, करंज्या तुझ्या हातच्या लागतील. तू काळजी करणारच हे मला माहितीये, पण झोप घालवू नकोस.

लहानपणी लांबलेल्या उपदेशात मला झोप यायची तेव्हा तू पदर अंगावर टाकायचीस, आत अंधार आणि पावडरीचा वास, आणि बाबा गाणं म्हणायला लागले की तुमचा आवाज बाकाच्या लाकडातनं माझ्या पाठीला जाणवायचा. लुनावर पुढं उभा राहून यायचो मी, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये, स्वेटरची बटणं तू गळ्यापर्यंत लावलेली. देव आहे हे मला उपदेशातनं नव्हे, तिथनं कळलं. आता तिकडं जी पोरं आहेत त्यांचे आजी-आजोबा गावाकडं आहेत, त्यांना कुणाच्या पदराखाली झोपायचं? तुमच्या सुनेनं हा विचार माझ्या आधी केला, तिला दोष देऊ नका, उलट तुम्हाला सोडून जायचं म्हणून जास्त रडली ती.

बरं, आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी, उपासनेनंतर नव्हे. कानाचं मशीन लावूनच बसायचं, खिशात ठेवायचं नाही. चर्चच्या मागच्या पायऱ्यांनी उतरायचं नाही, तिथं कठडा नाही, पुढनंच या, कितीही गर्दी असली तरी. फोन चार्ज करून सोबत ठेवायचा आणि तो सायलेंटवरनं काढायचा घरी आल्यावर, दरवेळी विसरता. आई, शुगर तपासायला मंगळवारी माणूस घरी येईल, उपाशीपोटी, चहा पण नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, नाताळचा कंदील मी येऊन काढतो. आणि कुणी चर्चमध्ये विचारलं, "पोरगा सोडून गेला का?" तर ऐकून गप्प राहू नका, सांगा की चर्चनं पाठवलाय.

एकच मागणं आहे. पहिल्या संध्याकाळी तुम्ही दोघं या. पाळकसाहेब हात ठेवतील तेव्हा बाबा तुमचा पण हात माझ्या डोक्यावर हवा, मनातनं सगळं पटलं नसलं तरी या. अंत्युखियाच्या लोकांना तरी त्या दिवशी कुठं सगळं पटलं असेल. खुर्च्या पाठ टेकायच्या आणल्यात, बाथरूम खालीच आहे, आणि रात्री साडेसातच्या आत तुम्हाला घरी पोचवायची जबाबदारी माझी. पेटी पण लागणार आहे, घरातली जुनी, तिचा भाता तपासून ठेवा.

रिक्षावाले मामा पैसे मागणार नाहीत, मी महिन्याचे दिलेत, तुम्ही परत देऊ नका.

तुमचा,
थोरला