कार्तिकातला कोकीळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात आमच्याकडच्या एका नव्या रुग्णालयाची पानभर जाहिरात होती. वर ‘निसर्गाच्या कुशीत उपचार’ आणि खाली खोलीचा फोटो. पलंगासमोर भिंतभर पडदा, पडद्यावर धबधबा. पाहून हसू आलं आणि लगेच पोटावर हात गेला, कारण टाक्यांची जागा अजून ओढते.

मी ३६ वर्षं मिरजेत परिचारिका होते, त्यातली ११ जळिताच्या वॉर्डात. यंदा दिवाळीनंतर पहिल्यांदाच पलंगावर झोपायची पाळी माझी आली. पित्ताशयात खडे. दुर्बिणीतून करता करता पोट उघडावं लागलं आणि दोन दिवसांचा मुक्काम सहा दिवसांचा झाला. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. डॉक्टर चांगले, सिस्टर पोरी तर सोन्यासारख्या. पण खोलीत समोर असाच एक पडदा होता. हिरवं रान, ओढा आणि मागे पाखरांचे आवाज. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, दर चार मिनिटांनी तोच कोकीळ त्याच जागी ओरडतो. कार्तिकात कोकीळ! आमच्या वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ह्या दिवसांत तो गप्प असतो. ओढ्यावर ऊन पडलेलं, ते पहाटे तीन वाजताही तसंच टळटळीत. भूल उतरताना आधीच दिवस-रात्रीचा पत्ता नसतो, त्यात ही कायमची दुपार. तिसऱ्या दिवशी पडदा बंद करायला सांगितला.

सहाव्या दिवशी घरी जाताना रिक्षात बसायच्या आधी मान वर करून माझी खोली शोधली. तिथे खिडकी होती! माझ्या मजल्यावर ओळीने आठ खिडक्या, आणि समोर फांद्या टेकतील इतकी जवळ जुनी चिंच. माझ्या खिडकीवरच आतून प्लायवूड ठोकून, त्यावर पडदा टांगून मला रान दाखवत होते. सकाळी भिंतीतून कावळे बोलल्यासारखं वाटायचं ते म्हणजे हे. मला वाटलं गोळ्यांचा परिणाम.

नर्सिंग कॉलेजात काही वर्षं शिकवलं, त्यामुळे एक अभ्यास पाठ आहे, आणि योगायोग असा की तोही पित्ताशयाच्याच रुग्णांचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची जुनी कागदपत्रं रॉजर उलरिच यांनी तपासली. एकाच इमारतीतल्या, जवळजवळ एकसारख्याच खोल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. दोन्हींकडचे २३-२३ रुग्ण. झाडांकडचे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली, आणि परिचारिकांच्या नोंदींत ‘रडते आहे’, ‘धीर द्यावा लागतो’ असले शेरे कमी निघाले. हे छापून आलं १९८४ साली. ४६ रुग्ण म्हणजे फार नव्हेत, हे मलाही कळतं. पण नाइटिंगेलबाईंनी त्याच्या सव्वाशे वर्षं आधी लिहिलंच होतं की आजारी माणूस उजेडाकडे तोंड करून पडतो. ज्याने वॉर्डात एक रात्र काढली आहे त्याला हे कुणी सांगावं लागत नाही.

पडद्याचाही हिशेब झालेला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान आणि सहकाऱ्यांनी २००८ साली खोलीच्या तीन तऱ्हा ताडून पाहिल्या. एकदा खरी खिडकी, एकदा तोच देखावा त्याच क्षणी दाखवणारा मोठा पडदा, एकदा नुसती झाकलेली भिंत. थोडा ताण दिल्यावर हृदयाचे ठोके खिडकीपाशी लवकर खाली आले. पडद्यापाशी भिंतीसारखेच.

म्हणून मी नकली निसर्गाच्या विरुद्ध आहे असं नाही. जळिताचं ड्रेसिंग ज्याने केलंय त्याला विचारा. माझ्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी होती, स्टोव्हच्या भडक्यात पाठ आणि हात भाजलेली. पट्टी सोडवताना मी तिला बाहेरच्या पिंपळावरचे राघू मोजायला लावायची. ‘किती झाले गं?’ ‘बारा.’ एकदा तिने सत्तावीस सांगितले. मी सहज बाहेर पाहिलं, झाडावर एकही पाखरू नव्हतं. ती डोळे मिटून मोजत होती, आणि त्या दिवशी ती सगळ्यात कमी रडली. पुढे वाचलं की सिअॅटलमध्ये भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी डोळ्यांवर यंत्र चढवून बर्फाच्या दरीत नेतात, तिथे ते पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतात आणि दुखणं खरोखर कमी जाणवतं. मला जराही नवल वाटलं नाही. तळघरात एमआरआयच्या बोगद्यात घालायच्या माणसासाठी छताला आकाश लावलंत तर मी हात जोडीन. तिथे खिडकी नाहीच.

खिडक्या उघडा असंही माझं म्हणणं नाही. ऑपरेशन थिएटर, आयसीयू बंदच हवेत. धूळ, डास, सगळं येतं. आयसीयूत कुंडीही नको, मातीत बुरशी असते. पण काचेतून बुरशी येत नाही, चिंच येते. आणि दुसरं, पलंगाची दिशा. आम्ही डोकं खिडकीकडे आणि पाय टीव्हीकडे ठेवतो, कारण ऑक्सिजनची नळी आणि बेल त्या भिंतीत असते. नकाशा काढतानाच ती नळी बाजूच्या भिंतीत घेतली तर जास्तीचा खर्च किती येईल? वॉर्डातल्या मामांना मी पलंग फिरवून मागितला तेव्हा ते बिचारे नळीकडे बोट दाखवून गेले.

परवा भाचीला घेऊन जाहिरातीतली ती इमारत मुद्दाम बाहेरून पाहून आले. पूर्वेच्या बाजूला द्राक्षबागेचे मांडव आहेत आणि लांब दंडोबाचा डोंगर. त्याच बाजूच्या खिडक्यांना आतून प्लायवूड लागत होतं. चौदा खिडक्यांना लागलं होतं, नऊ बाकी होत्या. उद्घाटन पाडव्याला आहे म्हणतात. नऊ तशाच सोडायच्या आणि चौदा सोलून काढायच्या, दोन सुतारांचं दोन दिवसांचं काम आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज