सुबाभूळ ‘पोटभर’ घाला म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेळ्यांच्या झाडपाल्यावरचा कालचा लेख वाचला. फोटो झकास. पण ‘सुबाभळीचा पाला पोटभर घाला, पेंडीचा खर्च वाचवा’ असं लिहिणाऱ्यानं दावणीला एक तरी शेळी बांधली आहे का?

आम्ही बांधल्यात. तीन वर्षांमागे असंच कुणाचं तरी ऐकून उन्हाळाभर सात शेरडांना नुसती सुबाभूळ घातली. बांधावरची, फुकटची, आणि शेरडंही तुटून पडायची. पाचव्या-सहाव्या आठवड्यात थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला तर मूठभर केस हातात आले. मग गळ्याखाली सूज. व्याली तेव्हा दोन्ही करडं उभीच राहिली नाहीत.

सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. त्यानं केस झडतात, आणि पोटात त्याचं जे दुसरं द्रव्य होतं ते थायरॉइडला बाधतं. म्हणून चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्शावर नेऊ नये. बाकी शेवरी, बोर, उंबर, कडबा. एवढं छापायला किती जागा लागली असती? (ते द्रव्य पचवणारे जंतू काही शेळ्यांच्या पोटात असतात. हवाई बेटांवरच्या शेळ्यांचे जंतू ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना दिले होते. आमच्या खानापुरात कोण आणून देणार?)

मटणाचं तर विचारूच नका. ‘पाल्यावरच्या बकऱ्याला जादा दर’ कुठल्या बाजारात मिळतो, तेवढं कळवा. उद्याच टेम्पो करतो. आमचा खाटीक कमरेवर अंगठा दाबतो, कणा लागला की म्हणतो, “मामा, पाल्यावरचं दिसतंय की. भरणार न्हाई.” मक्याच्या भरड्यानं बकरं भरतं खरं, पण शेळीची चरबी मांसात कमी, आतड्या-गुर्द्यांभोवतीच जास्त धरते. तिचे पैसे कोण देतो? पोटाला पाला, आणि विकायच्या आधी दोन महिने भरडा, तोही मुठीमुठीनं वाढवत, नाहीतर पोट फुगतं. आमच्या आईला हे लेख न वाचता ठाऊक होतं.

आणि हो, लेखाखालच्या चौकटीत ‘पंचायत समितीत चौकशी करा’ असं आहे. आमच्याकडे तालुका पंचायत असते, आणि योजनेचे कागद कन्नडमध्ये. अंक बेळगावात विकता, तर चौकट तरी इथली छापा.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव)