रंगवलेली पिल्लं नकोत, ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प कोंबड्या पाळा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की नाशिकमधे गल्लोगल्ली ती गुलाबी हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं विकायला येतात, पोरं हट्ट करतात, चिल्लर पैशात पिल्लू घरी येतं आणि बहुतेक वेळा आठवडाभरात मरतं. ही पिल्लं येतात कुठून हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. लेअर म्हणजे अंड्यासाठी पाळायच्या कोंबड्यांच्या हॅचरीत जेवढ्या माद्या निघतात साधारण तेवढेच नर निघतात, नर काही अंडी देणार नाही आणि त्या जातीच्या अंगावर मांसही धरत नाही, म्हणजे धंद्याच्या हिशोबात तो पहिल्याच दिवशी नको झालेला असतो. तेच नर रंगात बुडवून आपल्या दारात येतात, ना ऊब ना लस. मला हे बघवत नाही.

घरी कोंबड्या पाळायच्याच असतील, आणि ज्याच्याकडे अंगण आहे त्याने पाळाव्यातच असं माझं ठाम मत आहे, तर डबल पर्पज जात घ्या, म्हणजे मादी अंड्याला आणि नर खायला, कोणीच वाया नाही. गिरिराज वनराज सगळ्यांना माहीत आहेत, चांगल्याच आहेत, पण त्या संकरित, त्यांची अंडी रवणीला, म्हणजे पिल्लं काढायला उबवत ठेवली तर पुढची पिल्लं तशीच निघतील याचा भरवसा नाही. जुन्या शुद्ध जातीत आमच्याकडे ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प आहे आणि एवढी प्रेमळ कोंबडी मी दुसरी पाहिली नाही. काळीभोर, उन्हात पिसांवर हिरवी झाक मारते, हातावरचे दाणे खाते, पोरांच्या पायापायात फिरते आणि उचलली तरी फडफड करत नाही.

जातीची गोष्ट पण सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या विल्यम कुक यांनी १८८६ च्या सुमारास काळी ऑर्पिंग्टन तयार केली, ती ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्या लोकांनी दिसण्यापेक्षा अंड्यावर लक्ष ठेवून निवड करत करत ही जात घडवली. १९२२-२३ मधे तिथल्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली, म्हणजे एकीची सरासरी तीनशेच्या वर, ते पण अंडी वाढावीत म्हणून लावतात तो रात्रीचा लाईट न लावता. आपल्या घरी एवढी धरू नका, पण चार कोंबड्यांत घरची अंड्याची गरज आरामात भागते. अंडी फिकट तपकिरी. आणि हो, अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची पहाटेची झोप मोडायची भीती नाही, कोंबडा लागतो तो फक्त पिल्लं काढायची असतील तर.

घाई असणाऱ्याने मात्र ही पाळू नये. ब्रॉयलर चाळीस बेचाळीस दिवसांत कापायला येतो, हिचा नर चार पाच महिने घेतो आणि मादी पहिलं अंडं साधारण सहाव्या महिन्यात देते. पण त्या नराचा रस्सा मंद आचेवर शिजवून बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ला की चवीतला फरक कोणाला सांगावा लागत नाही.

आता नाशिकचं म्हणून काही. निफाडकडची डिसेंबर जानेवारीची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्या दिवसांत पिल्लं आणली तर पहिला आठवडा बल्बखाली ३५ अंशाच्या आसपास ऊब पाहिजेच, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन बसली की समजा थंडी वाजतेय, लांब पळाली की गरम होतंय, थर्मामीटर नसला तरी चालतं. उन्हाळ्यात उलट, काळा रंग असल्याने सावली आणि गार पाणी हवं. द्राक्षबागेत फवारणी झाली असेल तर तिकडे सोडूच नका, आणि कांदाचाळीतला सडका कांदा तर अजिबात टाकू नका, जास्त कांदा खाल्ला तर कोंबडीचं रक्त कमी होतं. त्यापेक्षा लसूण घास (जनावरांचा हिरवा चारा) कापून टाका, आवडीने खातात. खुराडं रात्री पक्कं बंद पाहिजे, मुंगूस आणि मांजर तर आहेतच पण आपल्याकडे बिबट्या पण मळ्यात फिरतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मानमोडी, म्हणजेच रानीखेत रोग. तो एकदा शिरला की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं आणि त्याला औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठ आठवड्यांच्या आसपास आर टू बी लसीचं इंजेक्शन, नेमकं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून घ्यावं. अडचण अशी की लसीची बाटली निदान शंभर डोसची येते, बर्फात आणावी लागते, आणि पाण्यात मिसळली की तास दोन तासांत संपवायची, मग चार पिल्लंवाला ती आणत नाही आणि तिथेच घात होतो. गल्लीतल्या, वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मिळून दिली तर बाटली वाया जात नाही आणि खर्च पण नावालाच येतो.

पिल्लांचंही तेच आहे. राज्याची चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, नाशिकवाल्याने पाच पिल्लांसाठी एवढ्या लांब जायचं तरी कसं, आणि खासगीत शंभर पिल्लांच्या खाली कोणी बोलायला तयार नसतं. म्हणून मग माणूस दारात आलेली रंगीत पिल्लं घेतो. पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे की महिन्यातून एक दिवस ठरवून नाशिक शहरात आणि दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाण्याला लस दिलेली शुद्ध जातीची पिल्लं पाच पाच दहा दहाच्या हिशोबाने मिळावीत, आणि आपल्या पेपरने तो दिवस आणि ठिकाण शेतीच्या पानावर आधीच छापावं.

आपला,
एक वाचक, मखमलाबाद, नाशिक