एकसष्टाव्या वर्षी कुठल्या वर्गात बसायचं?

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षक. गावच्या वाचनालयात दर बुधवारी दुपारी तीन ते पाच मोबाइल शिकवतो. विद्यार्थी सगळे साठीपुढचे. थोरल्या आजी 81 वर्षांच्या.

केंद्राने 2017 मध्ये पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. घरटी एक माणूस, 20 तास, वय 14 ते 60. साठी ओलांडलेला माणूस घरात होता, यादीत नव्हता. गंमत बघा, अभियान चालू असतानाच, 2021 मध्ये, पेन्शनरांना हयातीचा दाखला मोबाइलला चेहरा दाखवून काढायची सोय झाली. सोय चांगलीच आहे. पण ज्यांच्यासाठी केली, त्यांनाच शिकवणीतून वगळलेलं!

गेल्या नोव्हेंबरात एक आजोबा दाखल्यासाठी बसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. "डोळे मिचकवा," म्हटलं, तर त्यांनी एकच डोळा मारला. वर्ग खो खो हसला. चौथ्या खेपेला जमलं, तेव्हा म्हणाले, "चला, वर्षभर जिवंत!"

आजींची अडचण वेगळी. कष्टाने रापलेली, कोरडी बोटं. स्क्रीनला स्पर्श कळत नाही म्हणून त्या जोर लावून दाबून धरतात, आणि दाबून धरलं की भलतंच उघडतं. तीन बुधवार यातच गेले. मग सुचलं: "तवा तापलाय का बघता ना, तसं बोट लावायचं नि काढायचं." त्या दिवशी त्यांनी स्वतः मुलीला व्हिडिओ कॉल लावला. घरी नातू काय करतो? "आण इकडे" म्हणतो आणि करून देतो. करून दिलेलं शिकलेलं नसतं.

पैशांचं एकच वाक्य मी दर आठवड्याला घोकून घेतो: पैसे येणार असतील तर यूपीआयचा पिन लागत नाही. फसलात तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. तरी पुढच्या बुधवारी निम्मे विसरतात. विसरणारच. म्हणूनच दोन दिवसांची शिबिरं नकोत. बॅनर, चहा-बिस्कीट, प्रमाणपत्र, फोटो, आणि तिसऱ्या दिवशी फोन परत नातवाच्या हातात.

1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. दुपारी बहुतेक रिकामीच असतात (आमचं तरी असतं). तिथे आठवड्यातून दोन दुपारी मानधनावर एक शिकवणारा द्या. गावातलाच, बारावी झालेला असला तरी चालेल, चिडका नको. वरची वयोमर्यादा नको आणि समारोपाची तारीखही नको. केरळने 2025 मध्ये राज्य संपूर्ण डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं. तिथे स्वयंसेवक घरोघरी गेले आणि नव्वदीपुढचेही शिकले. आपण निदान वाचनालयाचं दार तरी उघडं ठेवू.

एखाद्या बुधवारी या. चपला बाहेर काढाव्या लागतात. फोन स्वतःचाच आणा, आम्ही दुसऱ्याच्या फोनवर शिकवत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक