कसारा घाटातल्या अनोळखी माणसांचे आभार

आमच्या मालकांचं ट्रान्सपोर्ट बंद होऊन बराच काळ लोटला. मोजक्या गाड्या, बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायला मालक स्वतः, आणि ड्रायव्हर-क्लीनरचे डबे त्यांच्याच घरातून. आम्ही जुने ड्रायव्हर नाशकात भेटलो की बोलणं हमखास घाटावर येतं, आणि मग तुमच्यावर.

लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून रात्री निघायचं, पहाटे वाशीच्या बाजारात गाडी लावायची. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा, नाहीतर ब्रेक तापतात, हे आम्हाला मालकांनीच शिकवलं. तरी एका पावसाळी रात्री कसारा घाटात आमच्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, तुटले आणि ती एका बाजूला कलली. तुम्ही मागच्या ट्रकमधून उतरलात. न सांगता चाकांखाली दगड लावलेत, कंदील घेऊन वळणावर उभे राहिलात, भर पावसात गोणी दुसऱ्या गाडीत चढवल्यात आणि वर ताडपत्री घट्ट बांधलीत. भिजलेला कांदा सडतो. शेतकऱ्याचा सगळा माल गेला असता. तो वाचला, हे तुमचे फार मोठे उपकार.

इगतपुरी, घोटीकडच्या पंक्चरवाल्यांचे, चहा पाजणाऱ्यांचेही आभार.

तुमची नावं विचारायची राहिली. मालकांनी दिलेली मजुरीही तुम्ही घेतली नव्हती. तुमच्यापैकी कुणी, किंवा घरी ही हकिगत ऐकलेली तुमची मुलं हे वाचत असतील, तर जरूर भेटा. मालकांच्या घरच्यांनाही तुम्हाला भेटायचं आहे.