लघवीची जळजळ गोळ्यांनी थांबत नसेल तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्त्रियांच्या मूत्रसंसर्गावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. भरपूर पाणी प्या, गोळ्यांचा कोर्स पुरा करा, हे बरोबरच आहे. पण सगळं पाळूनही जळजळ परत परत होते, त्या बाईने काय करायचं? मूत्रमार्गाला पिशवी, म्हणजे डायव्हर्टिक्युलम, असू शकते याचा लेखात उल्लेखही नाही. मला तीच होती आणि सापडेपर्यंत वर्षं गेली.

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. त्याच्या कडेच्या ग्रंथी तुंबतात, पू होऊन आत फुटतात आणि तिथे कप्पा राहतो, असं मानतात. लघवी करून उठल्यावर कपडे ओले होतात, संबंधाच्या वेळी दुखतं. याबद्दल आपण बोलत नाही आणि कुणी विचारत नाही. शेवटी एका डॉक्टरबाईंनी योनीची पुढची भिंत बोटाने हलकेच दाबली, तर मूत्रमार्गातून गढूळ थेंब आला. एमआरआयमध्ये कप्पा घोड्याच्या नालेसारखा मूत्रमार्गाला वेढून बसलेला दिसला.

त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. मात्र आत खडे आणि फार क्वचित कर्करोगही होतो, म्हणून तपासण्या चुकवू नयेत. कप्पा मूत्रमार्गाच्या तोंडाशीच असेल तर तो उघडून देण्याची स्पेन्स पद्धत पुरते. माझा वर होता. तिथे तसं केलं तर लघवी धरून ठेवण्याची ताकदच जाऊ शकते. म्हणून आधी संसर्ग आटोक्यात आणून योनीमार्गे अख्खा कप्पा काढला. टाक्यांच्या रेषा एकमेकींवर येऊ दिल्या नाहीत आणि मध्ये भगोष्ठातल्या चरबीचा थर, मार्टियस फ्लॅप, घातला. मूत्रमार्ग आणि योनी यांच्यात भोक पडू नये म्हणून ही एवढी काळजी.

लघवीची नळी दोन-तीन आठवडे ठेवावी लागते, हे मला शस्त्रक्रियेनंतर कळलं. खोकताना लघवी सुटण्याचा त्रास नव्याने होऊ शकतो, कप्पा पुन्हा होऊ शकतो, हेही सहीआधी सांगायला हवं होतं. लघवी आधीपासून सुटत असेल तर स्वतःच्याच शरीरातून काढलेल्या ऊतीच्या पट्टीचा मूत्रमार्गाला आधार त्याच वेळी द्यायचा की नंतर, हे बाईला विचारून ठरवावं. कृत्रिम जाळी मात्र इथे नको.

यूरोलॉजिस्टकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्यावा आणि त्यात या कप्प्यासाठीची तपासणी कशी मागायची ते जरूर छापावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये)